सत्तावन्न पानांचा पासवर्ड

परवा नातवानं माझ्या फोनला पासवर्ड लावून दिला. मोठ्या ऐटीत म्हणाला, "आबा, आठ अक्षरांचा ठेवला आहे. कोणाले सांगू नका. कागदावर लिहून ठेवू नका. अन् फोनवर कोणी साहेब बनून विचारलं तरी बोलू नका!"

मी म्हटलं, "फक्त आठ अक्षरं? आमच्या वेळेस सत्तावन्न पानांचा पासवर्ड होता, बाबू!"

घरातले सगळे खो खो हसले. म्हातारा फेकून राहिला, असं वाटलं त्यांना. आता त्यांचाही दोष नाही. जन्मभर मी इतक्या थापा मारल्या, इतक्या लोकांच्या टोप्या उडवल्या, की मी खरं बोललो तरी लोक टाळी द्यायला हात पुढं करतात. पण ही गोष्ट खरी आहे, आणि यात टोपी माझीच उडाली आहे. चहा घ्या हातात. हसायला माझी हरकत नाही, फक्त बशी सांभाळा.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. नागपूरला कळमन्याच्या मार्केटाजवळ संत्रा बागाईतदारांची एक सहकारी संस्था होती, तिथं मी आवक-जावक कारकून. म्हणजे आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा आणि जाणाऱ्या पाकिटावर पत्ता लिहायचा. मॅट्रिकच्या परीक्षेला मी तीनदा बसलो, आणि तिन्ही वेळा तिनं मला ओळखच दाखवली नाही! शेजारच्या टेबलावर धनराज ढोके. त्याला तिनं दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा दया आली. एवढाच काय तो आम्हा दोघांत फरक. एकाच दिवशी नोकरीला लागलो, चौदा वर्षं एकाच पंख्याखाली बसलो, एकाच आलुबोंड्याचे दोन तुकडे करून खाल्ले. मोठा तुकडा मी खायचो, ती गोष्ट वेगळी.

आणि मग संस्थेत कम्प्युटर आला.

मॅट्रिक पास म्हणून ढोकेला पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. गेला तेव्हा धन्या होता, आला तेव्हा 'ऑपरेटर' होता! कोपऱ्यातल्या गोदामाला काचेचं दार बसवलं, दाराला पितळी कुलूप, बाहेर चपला काढायची पाटी. आत टेबलावर फोन. आणि भिंतीत, ऐका, भिंतीत एअर कंडिशनर!

नागपूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय समजावणार? एप्रिलमध्ये माठातलं पाणी कोमट, मे महिन्यात खुर्चीवर बसायच्या आधी तिच्यावर पाणी शिंपडा. आमचा कूलर दुपारपर्यंत गरम वाफा सोडायचा. आणि काचेच्या पलीकडं ते मशीन गारेगार! अरे, आम्ही माणसं घामानं निथळतो, आणि त्या डब्याला हवा?

"त्याले गरमी सहन होत नाही गा," ढोकेनं मला समजावलं.

"मले होते का बे?"

"तू कुठं बिघडते? तुले चौदा वर्षांपासून पाहून राहिलो ना मी."

पण खरा घाव नंतर बसला. आठवडाभरानं ढोके ऑफिसात स्वेटर घेऊन आला. एप्रिल महिन्यात! नागपुरात! मरून रंगाचा, हाफ बाह्यांचा, बायकोनं खास विणलेला. काचेच्या आत जाताना घालायचा आणि बाहेर आला की सगळ्यांसमोर हळूच, दागिना उतरवल्यासारखा उतरवायचा. वर शिंकायचा. "काय करू गा, आतमधी लय थंडी पडते."

मी जळलो. खोटं काहून बोलू? असा जळलो की माझ्या टेबलावरची लाख बिनमेणबत्तीची वितळली असती.

घरी गेलो तर बायको वाटच पाहत होती.

"अवो, ढोके भाऊजीले सर्दी झाली म्हणते."

"मग?"

"मग काय? त्याईची बायको सांगत होती नळावर, एशीची सर्दी आहे म्हणून. सगळ्या बाया कौतुकानं ऐकून राहिल्या होत्या. तुम्हाले मेली साधी सर्दीबी होत नाही!"

आता सांगा, माणसानं जगावं कसं?

त्यात आमच्या मॅनेजर साहेबांनी तेल ओतलं. खापरे साहेब त्यांचं नाव. सगळ्यांना बोलावून म्हणाले, "सभासदांचं सगळं रजिस्टर मशीनमध्ये भरायचं आहे. नाव, गाव, संत्र्याची झाडं. एकट्या ढोकेकडून वर्षभरातही होणार नाही. पावसाळ्याच्या आधी आतमध्ये दुसरी खुर्ची टाकू. बघू, कोणाला मशीन चालवता येते ते."

दुसरी खुर्ची! मी त्या दिवशी मनात शपथ घेतली. ती खुर्ची माझी, आणि तिच्यावर टाकायचा स्वेटरही माझा.

पण मशीन शिकणार कसं? ढोकेला विचारलं तर तो म्हणाला, "मशीनले पासवर्ड असते गा. गुप्त शब्द. तो टाकल्याबिगर ते उघडत नाही. अन् तो कोणाले सांगायचा नसते. सख्ख्या भावालेबी नाही."

"मी का तुझा सख्खा भाऊ आहो?"

"म्हणून तर तुले बिलकुल नाही."

बरं बेटा, म्हटलं. आता तुम्हाला माझी एक कला सांगायची राहिली. मी आवाज काढतो. कलेक्टर, तहसीलदार, रामटेकचा पुजारी, सासुरवाडीची म्हैस, कोणाचाही काढतो. मार्केटच्या गेटाजवळ एक पानठेला होता, त्याच्या बाजूला पैसे टाकून बोलायचा फोन. दुसऱ्या दिवशी पाकिटं टाकायला पोस्टात जातो म्हणून निघालो, तोंडात रुमाल धरला आणि ढोकेच्या काचेच्या खोलीत फोन लावला.

"हॅलो! धिस इज बॉम्बे! कम्प्युटर कंपनी का चीफ इंजिनेर बोल रहा है!"

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उभा राहिला असेल! "यस सर! नमस्ते सर!"

"रूम में कोई ऊन का कपडा है क्या?"

"हाँ सर. स्वेटर है सर."

"निकालो! अभी निकालो! ऊन से मशीन में करंट घुसता है! मशीन जल गया तो तुम्हारे तनखा से काटेगा!"

मी ऑफिसात परत आलो तेव्हा ढोके आतमध्ये नुसत्या बनियनवर असल्यासारखा दंड चोळत बसला होता, आणि तो मरून स्वेटर माझ्या खुर्चीच्या पाठीवर लटकत होता.

"मुंबईचा हुकूम आहे गा," तो बाहेर येऊन पडेल तोंडानं म्हणाला. "तू सांभाळ याले."

त्या रात्री मला जेवण दुप्पट गेलं.

तीन दिवसांनी दुसरा फोन. आता सरळ मुद्द्यावर आलो. "पासवर्ड क्या रखा है?"

ढोके घुटमळला. "सर, फोन पे बताना मना है ना?"

"हमने बनाया मशीन, हमको मना? बताओ!"

"सर, असा है..." त्यानं आवाज खाली आणला. "हमारे ऑफिस में मारोती करके एक आदमी है. एक नंबर का भैताड है सर, और उतनाच चोट्टा. छोटा पासवर्ड रखा तो वो चुरा लेगा. इसलिए मैंने लंबा रखा. सभासदों के रजिस्टर का एक पूरा पान."

"पूरा पान?"

"हाँ सर. चालीस नाम, उनके गाव, झाडों की गिनती. आज पहला पान, कल दूसरा. रोज नया. एक अक्षर चुकला की मशीन बोंबलता है. सब बराबर रहा तो 'वेलकम' आता है."

मी आतल्या आत उकळत होतो. मारोती म्हणजे मीच ना! मी भैताड, म्हणजे बावळट? वर चोट्टा? पण चीफ इंजिनेर कसा चिडणार? दात ओठ खाऊन म्हणालो, "व्हेरी गुड. और चाबी किसके पास है?"

"मेरे कमर के करगोटे को बांधी है सर."

"गलत! खाना खाने जाते समय चाबी ऑफिस के सीनियर आदमी के पास रखने का! सीनियर कौन है?"

मग ढोके म्हणाला, "सर, बोलने में शरम आती है. पर वो भैताडच सीनियर है."

"उसीको दो!"

आता माझ्या डोक्याला सलाम करा! एका फोनात पासवर्ड आणि चावी! पानठेलेवाल्याला मी खुशीनं दोन पानं लावायला सांगितली आणि दोन्ही मीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता ढोके डबा घेऊन बाहेर झाडाखाली गेला. जाताना चावी माझ्या टेबलावर ठेवली. मी पाच मिनिटं थांबलो, रजिस्टर काखेत मारलं, स्वेटर चढवला आणि काचेच्या दारात चपला काढल्या.

आहाहा! ती पहिली गार झुळूक! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. पडद्यावर एक हिरवी रेघ लुकलुकत होती. मी एका बोटानं सुरू केलं. इंग्रजी अक्षरं मला पाकिटांवर पत्ते लिहून लिहून पाठ होती. अक्षर शोधायचं, दाबायचं, पुढचं शोधायचं. एकदा 'सावनेर' लिहिताना भलतंच बटण दाबलं तर मशीन असं बोंबललं की मी टेबलाखाली जाऊन बसलो. पण तास संपायच्या आत चाळीस नावं झाली, आणि पडद्यावर उमटलं, वेलकम!

सांगतो तुम्हाला, लग्नातसुद्धा सासरच्यांनी माझं इतकं मनापासून स्वागत केलं नव्हतं.

मग हे रोजचं झालं. जेवण सोडलं. डबा शेवंताबाईला द्यायला लागलो. शेवंताबाई म्हणजे आमच्या ऑफिसात कूलरमध्ये पाणी भरणारी बाई, जिभेला हाड नाही. एकदा तिनं मला आत शिरताना पकडलं.

"मारोतभौ, मे महिन्यात सूटर काहून घालून राहिले? ताप आला का?"

"हळू बोल वं बाई! सरकारी काम आहे."

"असंल बाप्पा. सरकारी कामानंच माणसाचं डोस्कं असं होते." आणि माझ्या डब्यातली भाकर मोडत निघून गेली.

पण जळकुट्या माणसाला गारव्यातही चैन नसते. पंधरा पानं झाली आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. शेवंताबाईला संशय आला आहे. उद्या ती चार लोकांत बोलली तर? दुसऱ्या कोणी एक पान टाईप केलं आणि माझ्याआधी साहेबांना मशीन उघडून दाखवलं तर? माझी खुर्ची जाईल! असल्या मशीनला पासवर्ड चांगला दणदणीत पाहिजे.

लावला फोन.

"हॅलो! बॉम्बे! तुम्हारा पासवर्ड बहुत छोटा है! कोई भी चोरेगा! डबल करो!"

"डबल सर?" ढोकेचा आवाज जरा चिरकला. खोकला काढला त्यानं. बराच वेळ खोकत होता. "मतलब रोज दो पान?"

"दो पान! नो आर्ग्युमेंट!"

"जैसी आपकी मर्जी सर. आप बोलते है तो दो."

म्हणजे बघा, स्वतःच्या पायावर धोंडा मी पाडलाच, वर तो धोंडा मुंबईहून फोन करून मागवला!

दोन पानं म्हणजे जीव निघायचा. पण माझा हात बसला होता. एका बोटाची चार बोटं झाली. घरी जेवताना ताटावर बोटं आपोआप वाजायला लागली, तशी बायको म्हणाली, "अवो, आता तबला शिकून राहिले का? आधी सर्दी तर करून दाखवा." आणि देवाची कृपा बघा, त्याच आठवड्यात मला सर्दी झाली! मी नळावर स्वतः पाणी भरायला गेलो आणि सगळ्या बायांसमोर सात वेळा शिंकलो.

नवतपा लागला, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस. बाहेर डांबर वितळत होतं, आत मी मजेत. सत्तावन्नावं पान टाकलं त्या दिवशी रजिस्टर संपलं. वेलकम आलं. म्हटलं, आता उद्या कोणता पासवर्ड? बहुतेक पुन्हा पहिल्या पानापासून असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. टेबलावर शाल, नारळ, हार. दुसऱ्या खुर्चीचा निकाल! मी तर चपला काढायच्या पाटीखाली लावायला स्वतःच्या नावाची चिठ्ठीसुद्धा खिशात तयार ठेवली होती.

साहेब उठले. "मित्रहो, वर्षभराचं काम आपल्या ढोकेनं दीड महिन्यात पूर्ण केलं. सगळे सभासद, सगळी गावं, सगळी झाडं मशीनमध्ये चढली. एक चूक नाही! आणि काम कधी केलं माहीत आहे? मशीनमध्ये वेळ लिहून येते. रोज दुपारी दीड ते अडीच. स्वतःचं जेवण सोडून!"

टाळ्या! मी पण वाजवायला हात उचलले आणि हवेतच थांबलो.

दीड ते अडीच? सगळे सभासद? चाळीस नावं, गाव, झाडं?

अरे बाप्पा!

आता माझी गोची समजून घ्या. गप्प बसावं तर माझ्या सत्तावन्न पानांची शाल ढोकेच्या खांद्यावर जाते. बोलावं तर पासवर्ड चोरल्याचं कबूल होते, नोकरीवर गदा. शहाणा माणूस गप्प बसला असता. पण ढोके मान झुकवून हार घ्यायला पुढं झाला, आणि त्याच्या अंगात तो मरून स्वेटर! माझ्या खुर्चीवरून कधी उचलला देव जाणे!

माझ्यानं राहवलं नाही. "साहेब! ते मी टाईप केलं! सगळं मी केलं!"

साहेबांनी चष्मा काढला. "तू? तुला पासवर्ड कोणी दिला?"

तोंडातून निघून गेलं, "मुंबईच्या चीफ इंजिनेरनं, साहेब."

"मुंबईचा कोणता इंजिनेर? मशीन आपण इथंच सीताबर्डीवर घेतलं. बिघडलं की दुकानातला पोरगा लुनावर येतो."

मागून शेवंताबाई अशी हसली की तिच्या हातातली बादली सांडली.

ढोके मात्र अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "असते साहेब, मुंबईचा इंजिनेर असते. मले तीनदा फोन आला त्याचा. मोठा हुशार माणूस. फक्त त्याच्या मुंबईच्या ऑफिसात मागून टरबुजाचा लिलाव ऐकू येते. 'दोन रुपये एक, दोन रुपये दोन' चालू राहते."

कळमन्याचं मार्केट! पानठेल्याच्या मागंच टरबुजाचे ढीग लागायचे. मी तोंडात रुमाल कोंबला, पण टरबूजवाल्याच्या तोंडात कोण कोंबणार?

साहेबांना चिडायचं होतं, पण हसू आवरेना. पाच मिनिटं टेबलाला धरून हसले. मग शाल उचलून अर्धी ढोकेच्या खांद्यावर टाकली, अर्धी माझ्या. नोकरी वाचली.

मी तेवढ्यात हिंमत केली. "साहेब, मग ती दुसरी खुर्ची?"

"कसली दुसरी खुर्ची, मारोतराव? ती रजिस्टर भरायला हवी होती. रजिस्टर तर तुम्ही भरून टाकलं!"

लोक पांगले. मी ढोकेला कोपऱ्यात धरला. "बेइमान! चौदा वर्षं सोबत बसलो आपण! दुसरा कोणी नाही सापडला तुले?"

"नाही ना गा," तो म्हणाला, आणि या वेळेस थट्टा करत नव्हता. "दोन हजार कास्तकारांची गावं बिनचूक कोणाले माहीत आहे या ऑफिसात? तूच लिहिले ना सगळ्यांचे पत्ते. मी भरलं असतं तर अर्धं चुकलं असतं. म्हणून पान भरलं की 'वेलकम' दाखवायचं मीच मशीनले शिकवून ठेवलं. तुले सरळ म्हणलं असतं, मदत कर, तर तू केली असती का?"

मी विचार केला. नसती केली. मेलो असतो पण केली नसती.

"बरं," मी म्हटलं, "आता एवढं झालं, तर खरा पासवर्ड तरी सांग. काय होता?"

ढोकेनं इकडं तिकडं पाहिलं, माझ्या कानाशी आला आणि तोंडाला रुमाल लावून, अगदी माझ्याच मुंबईच्या आवाजात म्हणाला,

"पासवर्ड लगायाच नहीं था. मशीन पहिले दिन से खुला था."